बाबांनी ऐकून घेतलेली करवत

मनोरीला दुपारची जेवणं उरकली की सगळं गाव आडवं होतं. कुत्रीसुद्धा सावली बघून पाय ताणून देतात. अशा वेळी मी ओट्यावर भिंतीला टेकून बसते आणि माझी तंद्री लागते. ही माझी जुनी खोड. शाळेत शिकवत होते तेव्हा पेपर तपासता तपासता लागायची, आता निवृत्तीनंतर तिला अडवणारं कोणी राहिलं नाही. सुरूंच्या रांगेतून वारा वाहतो तेव्हा समुद्र नक्की कुठल्या बाजूला आहे ते कळेनासं होतं. डोळे मिटले की वाटतं, तो वरच आहे, झाडांच्या शेंड्यांत, आणि आपण त्याच्या तळाशी आरामात बसलोय.

मग एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वादळ आलं आणि शेंड्यांतला तो समुद्र अर्धा खाली कोसळला. दोन सुरू मुळासकट पडले. एक कुंपणावर आणि दुसरा विहिरीपासून थेट ओट्यापर्यंत, असा की दारातून बाहेर पडायचं तर त्याला ओलांडून जावं लागे. फणसाची एक फांदी मोडून लोंबत होती. माडांच्या झावळ्या तर विचारूच नका.

ही वाडी म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. दोन खोल्या, ओटा, विहीर, थोडे माड आणि सुरूंची रांग. नोकरीत असताना हौसेनं घेतली. एरवी मी आणि माझे वडील बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये असतो आणि शनिवारी मार्व्याच्या जेटीवरून होडीनं इथं येतो. वादळानंतर लाकूड तोडणाऱ्यांपैकी ज्याला फोन करावा तो म्हणायचा, "उद्या येतो." गावभर झाडं पडली होती, त्यांचा तरी काय दोष. पण राग आमच्या घरात नाकावरच असतो, वडिलांकडून मला तो आयता मिळालाय. शेवटी मी जाहीर केलं की मीच एक चेनसॉ, म्हणजे यंत्राची करवत, घेणार आणि आपलं आपण कापणार.

मुलुंडहून भावाचा फोन आला. "ताई, तुला वेड लागलंय का गं? साठी उलटली तुझी. बोटं तुटली म्हणजे वाट लागेल ना."

"तुझी नाही ना तुटणार," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. खरं कारण बाबा होते.

बाबा गिरणीत साचेखात्यात जॉबर होते. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र, आणि जॉबर म्हणजे ते बिघडलं की ज्याला हाक मारतात तो माणूस. लहानपणी एकदा मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. त्या प्रचंड खडखडाटात ते एका साच्यापाशी डोळे मिटून उभे होते आणि मला वाटलं, बाबा उभ्या उभ्या झोपले. ते ऐकत होते. एवढ्या आवाजातून एकाच साच्याचा आवाज वेगळा काढत होते. गिरणी बंद झाली तरी त्यांचं ऐकणं बंद झालं नाही. जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत शिवणयंत्रं, मिक्सर, पाण्याचे पंप, सगळं त्यांच्याकडे यायचं. आईच्या पोळ्या होईपर्यंत एखादा पंप बरा होऊन निघूनही जायचा.

मग हात थरथरू लागले. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या. थरथर कमी-जास्त झाली, गेली नाही. एकदा ते शेजारच्या वहिनींच्या मिक्सरचा स्क्रू बसवत होते. स्क्रू बसेना. त्या बाईंनी अगदी मायेनं त्यांच्या हातातला पेचकस काढून घेतला आणि म्हणाल्या, "राहू द्या हो काका." त्यानंतर बाबांनी कुठल्याही हत्याराला हात लावला नाही. हात काखेत दाबून बसायचे. घरातल्या घरात पाहुण्यासारखे वागायला लागले, पंखा लावू का म्हणून विचारायचे. मला ते बघवत नसे. मला एवढंच हवं होतं की त्या हातांनी पुन्हा एकदा यंत्र धरावं. सुरू काय, आज ना उद्या कोणीही कापले असते.

म्हणून दुकानात जाताना मी त्यांना बरोबर घेतलं. "मला यातलं काही कळत नाही," म्हटलं, आणि ते खरंच होतं.

जोगेश्वरीत मोटारी, पंप आणि फवारणीच्या यंत्रांच्या दुकानांची एक गल्ली आहे. तिथल्या दुकानदारानं टेबलावर चेनसॉंची रांगच मांडली. विजेवर चालणारी होती. ती हलकी आणि शांत, पण तिची वायर विहिरीपर्यंत कशी पोचणार, आणि मनोरीची वीज तिच्या लहरीनुसार येते-जाते. बॅटरीवाली फार गोड दिसत होती, पण चार फांद्या कापून दमली की तिला पुन्हा चार्जिंगला लावून वाट बघा. राहिली पेट्रोलची. त्यातही, चेन जिच्यावर फिरते ती पट्टी सगळ्यात लांब असलेल्या जड मशीनकडे दुकानदाराचा ओढा. "मॅडम, एकदाच घ्या, मोठी घ्या." मला एक नारिंगी रंगाची आवडली होती. रंग अगदी झेंडूसारखा.

बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावर हात काखेत दाबून बसले होते. तिथूनच म्हणाले, "रंग काय चाटूचो आसा? चालू करून दाखव. आवाज ऐकू दे."

दुकानदारानं एकेक मशीन बाहेर फुटपाथवर नेऊन दोरी ओढली. बाबांनी डोळे मिटले. गल्लीतून रिक्षा जात होत्या, समोर कोणीतरी पत्रा ठोकत होतं, आणि मला एकदम मी पुन्हा त्यांचा डबा हातात घेऊन उभी असल्यासारखं वाटलं. मोठ्या मशीनला त्यांनी नकारार्थी मान हलवली. "ह्येचा पोट मोठा, पण दम नाय." नारिंगीवरही तेच झालं. मग एक साधी, लहान पट्टीची, कुठल्याशा अनोळखी कंपनीची चालू झाली आणि ते तसेच डोळे मिटून बसून राहिले. दुकानदार बंद करायला गेला तर म्हणाले, "ऱ्हव दे. गरम होव दे." ती गरम झाली. "ह्येचो आवाज बरो आसा. गरम झाली तरी खोकणा नाय."

मग मला म्हणाले, उचलून बघ. हात लांब करून थोडा वेळ धर, दंड भरून येतो का बघ. पुढचा ब्रेक मनगटानं ढकलून बघ, चेन जागच्या जागी थांबायला हवी. आणि दुकानदाराला विचारलं, "भाग मिळतले काय ह्येचे? चेन, प्लग, दोरी?" स्वस्तातलं यंत्र घ्यायला त्यांची हरकत नव्हती, ज्याचे भाग मिळत नाहीत त्याला होती. सगळं त्यांनी तोंडानं केलं. हात काखेतून एकदाही बाहेर आले नाहीत.

टाकी रिकामी करून, गोणपाटात गुंडाळून आम्ही ती होडीतून नेली. मासळीची रिकामी पाटी घेऊन बसलेल्या एका बाईनं पायानं गोणपाट ढोसून विचारलं, "यात काय हाय गो?" मी म्हटलं, करवत. "मंग माजी सुरमई काप," म्हणाली आणि स्वतःच हसली. बाबाही हसले. खाडीवर त्या दिवशी धूसर ऊन होतं, पलीकडचा किनारा पाण्यावर तरंगत असल्यासारखा, आणि मला वाटत होतं की सगळं जमलंच आता.

कसलं जमतंय. पहिल्याच दिवशी मी चेन उलटी चढवली. दात मागे तोंड करून बसलेले. लाकडातून धूर निघाला पण एक चीर पडेल तर शपथ. बाबांनी ओट्यावरून आवाज ऐकूनच ओळखलं. हळूहळू मी शिकले. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचं तेल मापानंच मिसळायचं, अंदाजानं नाही. चेनचं तेल वेगळं, त्याची टाकी वेगळी, आणि पेट्रोल भरताना ती दरवेळी भरायची. चेनला तेल पोचतंय की नाही ते बघायला पट्टीचा शेंडा सुक्या झावळीसमोर धरून फिरवायचा, झावळीवर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. चेन थंड असताना बोटानं उचलली तर जरा उचलली जावी आणि सोडल्यावर आपली आपण बसावी. शेंडा कधीही लाकडाला टेकवायचा नाही, मशीन उसळून अंगावर येते. मनोरीत आणखी एक भानगड म्हणजे वाळू. पडलेल्या झाडाच्या सालीत वाळू शिरलेली असते आणि ती चेनची धार क्षणात खाते. म्हणून कापण्याआधी मी ओंडके खराट्यानं झाडून घ्यायची. येणारे-जाणारे बघत आणि म्हणत, ही बाई झाडाला झाडते.

धार लावायला गोल कानस. "एका बाजूनच घास. जाताना दाब, येताना उचल," बाबा सांगायचे. प्रत्येक दाताला सारखीच कानस, कमी नाही जास्त नाही. मी घासायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. एखाद्या दातावर हात हलका पडला की म्हणायचे, "ह्यो ऱ्हवलो." संध्याकाळचं ऊन ओट्यावरून सरकत जायचं, कानशीचा एकसुरी आवाज, वर उरलेल्या सुरूंचा घोष, आणि मला पुन्हा पुन्हा तंद्री लागायची. त्या महिन्यांतलं नेमकं काय कधी झालं ते आता मला सांगता येत नाही. एकच लांबलचक संध्याकाळ होती असं वाटतं. फार सुखाची होती. फक्त मी मुद्दाम कानस त्यांच्या मांडीजवळ ठेवायची, आणि ती तिथेच राहायची.

उभ्या झाडाला हात लावायचा तर महापालिकेची परवानगी लागते आणि लावायची माझी इच्छाही नव्हती. पडलेलं, वाळलेलं तेवढंच. दारासमोरचा सुरू कापून वाट मोकळी झाली. जाड बुंधा मात्र विहिरीपाशी तसाच होता.

मग खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. कोयता, पहार, विळी, हातोडी, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. त्या वर्षी घरात नवं हत्यार आलेलं. बाबा जेवून आत झोपले होते. मला वाटलं, ते उठायच्या आत सगळं साग्रसंगीत करून ठेवावं. मी चेनसॉ विहिरीवर नेली, साबण लावला, काथ्यानं घासली आणि वरून दोन कळशा पाणी ओतलं. कुंपणापलीकडून शेजारच्या ख्रिस्ती मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "पोरी, मशीनला आंगोल कोन घालतं?" मी म्हटलं, मावशी, आमच्यात घालतात. मग हळदकुंकू लावलं, हार घातला आणि मूठभर अक्षता वाहिल्या. त्यातल्या निम्म्या हवा आत घ्यायच्या फटीतून गेल्या.

बाबा उठून बाहेर आले. पूजेवर नजर पडली, समाधान वाटलेलं दिसलं. "मुहूर्ताक एकदा चालू कर," म्हणाले. मी दोरी ओढली. आतून फक्त गुळगुळ असा आवाज आला. पुन्हा ओढली. त्यांनी जवळ येऊन बघितलं, मशीनखाली साठलेलं पाणी बघितलं, आणि त्यांचा पारा चढला.

"अगो, यंत्र हा ता, गणपती नाय. मिलात आमी साचे पुसत होतो, कपड्यान. पाण्याचो थेंब लावूक देय नसू. आणि ह्ये तांदूळ? ह्येचा भात करतलंस आत?"

इतक्या वर्षांत ते असे ओरडले नव्हते. मला खरं तर बरं वाटत होतं. आणि ओरडता ओरडता ते खाली बसले, हात काखेतून निघाले, आणि त्यांनी मशीनचं वरचं झाकण उघडलं. त्यांनी फिल्टर काढला, उलटा करून आपटला, तांदूळ फरशीवर सांडले. प्लगची टोपी ओढून काढली, पाना लावला, प्लग फिरवून सोडवला. आता तो उचलायचा तेवढा राहिला होता. तो बोटांतून निसटला. त्यांनी पुन्हा उचलला, पुन्हा निसटला आणि घरंगळत माझ्या पायाशी आला. तेव्हा त्यांना आपले हात दिसले. मी चटकन वाकून प्लग उचलला. उचलायला नको होता, निदान इतक्या चटकन नको होता. त्यांचे हात काखेत गेले आणि ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

पुढच्या शनिवारी म्हणाले, तू जा, माझे गुडघे दुखतात. त्याच्या पुढच्या शनिवारीही दुखले. मशीनचा विषय काढला की टीव्हीचा आवाज वाढवायचे. फ्लॅटमध्ये मी वैतागून भांडी आपटायची आणि मग एकटीच होडीत बसून रडायची. जे एक मला हवं होतं ते माझ्याच भक्तीनं घालवलं होतं.

पण मशीन तशी टाकून कशी देणार. मी तिचे सगळे भाग उघडून सुक्या झावळ्यांवर उन्हात मांडले. टाकीतलं पाणी मिसळलेलं पेट्रोल काढून टाकलं. फिल्टर आणि प्लग नवे आणले. कोपऱ्यांतले तांदूळ दाताच्या काडीनं टिपले. गंजायला लागलेली चेन तेलात बुडवून ठेवली. मग एका रविवारी सगळं जागच्या जागी बसवून दोरी ओढली. ओढत राहिले. खांदा निखळायच्या बेताला आला तेव्हा ती एकदा शिंकली आणि चालू झाली. मी ती चालूच ठेवून जमिनीवर ठेवली आणि बोरिवलीला फोन लावला. नुसता फोन मशीनजवळ धरला.

थोड्या वेळानं मागे सरून तो कानाला लावला. मग बाबा म्हणाले, "अजून ओलो आसा आवाज. चोक बंद कर." मी केला. "आता चलू दे." ती चालत राहिली. "आता बरो," ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी ते आले. गुडघ्यांचा उल्लेख कोणी केला नाही.

सुरूचा जाड बुंधा अजून विहिरीपाशी होता. त्यातला एक लांब ओंडका मी मावशींकडून आणलेल्या लाकडी घोड्यावर, म्हणजे कापायचं लाकूड आडवं ठेवतात त्या चौकटीवर, चढवून घट्ट बांधला. दुपार होती, गाव आडवं झालेलं. वाऱ्यानं उन्हाचे कवडसे जमिनीवर पाण्यासारखे हलत होते. मी दोघांना जाड हातमोजे आणि चष्मे आणले होते. एक जोडी बाबांच्या पुढ्यात धरली आणि सरळ सांगितलं, "बाबा, मला एकटीला हा जड जातोय. पुढची मूठ तुम्ही धरा."

"हात हलतत गो माझे."

"मला माहीत आहे."

"सगळी बघतत."

"कोण बघतंय? गाव झोपलंय. आणि मशीन चालू झाली की सगळंच हलतं. ओंडका हलतो, मी हलते. तुमचे कुठले नि माझे कुठले, कोण मोजत बसलंय?"

आवाज माझा चढला होता, आणि शेवटी शेवटी फुटलाही. मी ते लपवलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मोजे घातले. एकेका बोटाला वेळ लागला. मी मदत केली नाही, विहिरीकडे बघत उभी राहिले.

दोरी मी ओढली. मागची मूठ आणि चाप माझ्याकडे, पुढच्या मुठीवर माझा डावा हात आणि त्यावर बाबांचे दोन्ही. मी ब्रेक सोडला आणि आम्ही मशीन ओंडक्यावर टेकवली. पांढुरका भुसा उडायला लागला, ओल्या लाकडाचा वास आला. त्यांचे हात आधी नुसते ठेवलेले होते, मग त्यांत जोर आला. त्यांनी दाबलं, मी दाबलं. मी खाली पाहिलं तर एक हातमोज्यांचा ढीग थरथरत होता, त्यात कोणाचं काय ते मला खरंच कळत नव्हतं. बाबांनी डोळे मिटले होते. माझ्याही डोक्यात सगळा समुद्र भरून आला होता, शेंड्यांतला आणि खालचा. तो आवाज संपू नये असं वाटत होतं. मग ते म्हणाले, "आता सोड, सुटता हा," आणि ओंडक्याचा तुकडा धपकन वाळूत पडला.

मी मशीन बंद केली. एवढी शांतता झाली की दूरच्या होडीचं इंजिन ऐकू यायला लागलं. आम्ही ओट्याच्या पायरीवर बसलो आणि मोजे काढले. एवढा वेळ मशीन धरली की हातांत कंप उतरतो आणि थोडा वेळ राहतो, ते मला माहीत होतं. पण त्या दिवशी माझे हात जास्तच थरथरत होते. मी ते मांडीवर दाबून पाहिले, तरी थांबेनात.

बाबांच्या लक्षात आलं. त्यांनी माझे दोन्ही हात उचलून आपल्या हातांत घेतले.

"कायएक नाय गो," ते म्हणाले. "जरा वेळ रवता, मगे जाता."

आणि माझे थांबेपर्यंत त्यांनी ते सोडले नाहीत.